पोटाची सोनोग्राफी झाली, शिरांची राहिली

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

दसरा महिन्यावर आला आहे. मुकादमांच्या उचली वाटून झाल्या आहेत, ट्रॉल्यांची डागडुजी चालू आहे, आणि सण उरकला की केज, धारूर, वडवणी, पाटोदा या तालुक्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागतील. या दिवसांत आपल्या व इतरही वृत्तपत्रांत ट्रॅक्टर-ट्रॉली उलटल्याच्या आणि दुचाकी घसरल्याच्या बातम्या वाढतात, आणि त्या बहुधा ‘जखमींवर उपचार सुरू आहेत’ या वाक्यापाशी थांबतात. वार्ताहराचे काम तेथे संपते, हे मला मान्य आहे. परंतु पोटाला मार लागलेल्या काही रुग्णांच्या बाबतीत खरा घात त्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी, घरी गेल्यावर आणि टाके सुकल्यावर, पोटातल्या शिरेत रक्ताची गुठळी धरून होतो, आणि तो वेळेवर ओळखण्याचे साधन, म्हणजे शिरांतला प्रवाह रंगात दाखवणारी ‘कलर डॉप्लर’ सोनोग्राफी, आपल्या तालुक्याच्या गावी असूनही बहुतेक वेळा वापरले जात नाही. तीस-बत्तीस वर्षे अंबाजोगाई परिसरात शस्त्रक्रिया करून निवृत्त झालेला एक शल्यचिकित्सक म्हणून या एकाच मुद्द्यावर हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

मुद्दा आहे प्लीहेचा, म्हणजे आपल्याकडची जुनी माणसे जिला पानथरी म्हणतात तिचा. डाव्या बाजूला नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड, जठराच्या मागे दडलेला हा अवयव निरोगी माणसात जेमतेम दीडशे ग्रॅमचा असतो; पण तो रक्ताने गच्च भरलेला आणि वरून अगदी पातळ आवरणाचा, त्यामुळे बरगडीवर बसलेल्या फटक्याने तो पिकल्या टोमॅटोसारखा फुटतो. मोटारसायकलचे हँडल पोटात घुसणे, बैलाने शिंग मारणे, चिंचेच्या झाडावरून किंवा विहिरीच्या कठड्यावरून पडणे, उसाच्या भरलेल्या गाडीवरून खाली येणे, ही आमच्या भागातली नेहमीची कारणे. हिवतापाने पानथरी वाढलेली असेल तर याहून हलका मारही पुरतो.

पूर्वी पानथरी फाटली की ती काढून टाकणे हाच रिवाज होता, आणि माझ्या उमेदवारीच्या काळात मीही तेच शिकलो. आता चित्र बदलले आहे. रुग्णाचा रक्तदाब स्थिर असेल, तर सीटी स्कॅन करून दुखापतीची प्रत एक ते पाच अशी ठरवतात आणि शक्य तेथे शस्त्रक्रिया टाळून, रुग्णाला अंथरुणावर झोपवून व डोळ्यांत तेल घालून पाहत प्लीहा वाचवतात. मोठ्या शहरांत तिच्या धमनीत तार घालून रक्तस्राव बंद करण्याचीही सोय झाली आहे. रक्तदाब ढासळतच असेल, तर मात्र पोट उघडून प्लीहा काढण्यावाचून गत्यंतर नसते, आणि दूरच्या गावातून तीन-चार तासांनी पोहोचणाऱ्या रुग्णांमुळे हा प्रसंग आमच्याकडे अजूनही वारंवार येतो. या सगळ्या धावपळीत सोनोग्राफीचे काम अपघात विभागातच होऊन जाते. यकृताखाली, प्लीहेभोवती, ओटीपोटात आणि हृदयाच्या पिशवीत रक्त साचले आहे काय, एवढे दोन-तीन मिनिटांत पाहिले जाते. ही तपासणी अमोल आहे, तिने कित्येकांचे प्राण वाचले आहेत. फक्त ती सांडलेले रक्त शोधते. शिरेच्या आत गोठलेले रक्त शोधण्यासाठी ती केलेलीच नसते.

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा लग्नाहून परतताना दुचाकीवरून पडला. प्लीहा काढावी लागली, शस्त्रक्रिया नीट झाली, नवव्या दिवशी टाके काढून तो घरी गेला. बाराव्या दिवसापासून त्याला बेंबीच्या वर मंद दुखू लागले, संध्याकाळी अंगात कणकण, जेवणावर वासना नाही. गावात ‘ऑपरेशननंतर गॅस धरतोच’ असे म्हणून आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या गेल्या. सतराव्या दिवशी घरच्यांनी पदरमोड करून एका केंद्रात पोटाची सोनोग्राफी केली. अहवालात लिहिले होते: प्लीहा दिसत नाही, शस्त्रक्रियेचा इतिहास, पोटात पाणी नाही, यकृत, पित्ताशय, दोन्ही मूत्रपिंडे सामान्य. वडील तो कागद घेऊन माझ्याकडे आले ते ‘सगळं नॉर्मल आहे, मग पोरगं जेवत का नाही’ असे विचारत.

अहवालात खोटे एक अक्षर नव्हते. सोबतच्या चिठ्ठीवर मात्र ‘पोटदुखी, पोटाची सोनोग्राफी’ एवढेच लिहिलेले होते. त्याच दिवशी मी दुसरी चिठ्ठी लिहिली: ‘प्लीहा काढल्याचा १७ वा दिवस, पोर्टल शीर व प्लीहेच्या शिरेचे उरलेले टोक, गुठळी आहे काय, कलर डॉप्लर.’ तपासणीच्या वेळी मी स्वतः शेजारी उभा होतो. यकृताच्या दाराशी पोर्टल शिरेची, म्हणजे आतड्यांचे व प्लीहेचे रक्त यकृताकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेची, काळी नळी पडद्यावर स्वच्छ दिसत होती, साध्या चित्रात तिच्यात काहीही वावगे नव्हते. रंगाची कळ दाबली. शेजारच्या धमनीत रंग झळकला आणि शिरेची नळी काळीच राहिली. तज्ज्ञाने वेगाची पट्टी खाली आणली, पुन्हा पाहिले, मुलाला श्वास धरायला सांगून पुन्हा पाहिले, तरीही काळीच. ताजी गुठळी वाहत्या रक्ताइतकीच काळी दिसते, म्हणून रंगाशिवाय केलेल्या तपासणीत ती नजरेसमोर असूनही निसटते. त्याच दुपारी हेपरिन हे रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन सुरू केले, पुढे सहा महिने गोळ्या दिल्या, आणि चौथ्या महिन्यात त्याच शिरेत पुन्हा रंग दिसला.

गुठळी का होते, हे समजायला आपल्या कालव्यांची ओळख पुरेशी आहे. मांजरथला सिंदफणा जशी गोदावरीला मिळते, तशी प्लीहेकडून येणारी शीर स्वादुपिंडाच्या मागे आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेला मिळते आणि दोघींची मिळून पोर्टल शीर होते. यकृताला पोहोचणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त या एकाच वाटेने जाते. प्लीहा काढली की तिच्या शिरेचे टोक बांधून टाकावे लागते. वरचे गेट बंद केलेल्या चारीत जसे पाणी थबकते आणि गाळ धरते, तसे त्या आंधळ्या टोकात रक्त थबकते. शिवाय बांधताना आणि मार लागताना शिरेचे अस्तर दुखावलेले असते. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्शो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या विषयाचा पाया घातला, आणि गुठळीची जी तीन कारणे आज त्यांच्या नावाने शिकवली जातात, म्हणजे मंदावलेला प्रवाह, दुखावलेले अस्तर आणि गोठण्याकडे कललेले रक्त, ती तिन्ही येथे एकाच जागी जमतात. टोकात धरलेली गुठळी मागून पुढे वाढत संगमापर्यंत आणि तेथून पोर्टल शिरेत उतरू शकते. आतड्यांच्या शिरेकडे ती पसरली, तर आतड्याचा तुकडा काळा पडून पुन्हा पोट उघडण्याची वेळ येते.

तिसऱ्या कारणाबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण तेथे आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. डेंगीच्या साथींनी ‘पेशी कमी झाल्या’ ही धास्ती वाडी-तांड्यांपर्यंत नेली आहे. पपईच्या पानांचा रस कोणी कोणाला पाजला नाही असे घर विरळा. त्यामुळे पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, जितक्या जास्त तितके बरे, असे लोकांनी धरून ठेवले आहे. प्लीहा या पेशींचा मोठा साठा धरून ठेवते आणि म्हाताऱ्या पेशी मोडीत काढते. ती गेली की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पेशी चढत जातात. एरवी दीड ते साडेचार लाख असणारा आकडा आठ-नऊ लाखांवर, कधी दहा लाखांच्याही पुढे गेलेला मी पाहिला आहे. वर सांगितलेल्या मुलाच्या वडिलांनी मोठ्या समाधानाने मला सांगितले होते की, ‘रक्त एकदम चांगलंय साहेब, पेशी नऊ लाख झाल्यात.’ नुसत्या आकड्यावरून गुठळी होईल की नाही हे सांगता येत नाही. पेशी फारशा न वाढताही ती होते, हे येथे नोंदवतो. पण वाढता आकडा पाहून निश्चिंत व्हावे, असे त्यात काहीच नाही.

प्लीहा वाचवलेल्या रुग्णांतही ही गुठळी होऊ शकते, तिचे प्रमाण मात्र कमी असते. रक्ताच्या आजारांमुळे फार मोठी झालेली प्लीहा काढल्यानंतर गुठळीचा धोका सर्वांत जास्त आणि अपघातानंतर त्यापेक्षा कमी, हे जगभरच्या अनुभवातून स्पष्ट झालेले आहे. म्हणूनच अपघाताच्या प्रत्येक रुग्णाची अशी तपासणी सरसकट करावी की लक्षणे दिसली तरच करावी, यावर शल्यचिकित्सकांत एकमत नाही. ज्या शहरात रुग्ण कोपऱ्यावर राहतो, पोटात दुखले की संध्याकाळी परत येतो आणि तासाभरात सीटी स्कॅन होतो, तेथे ‘लक्षणे दिसली तर पाहू’ हे धोरण चालून जाते. आमच्याकडे ते चालत नाही, असे माझे ठाम मत आहे. कारण या गुठळीची लक्षणे इतकी मवाळ असतात की ती असूनही दिसत नाहीत: थोडे दुखणे, थोडा ताप, अन्नावर वासना नसणे, कधी पातळ शौच, आणि कित्येकांना काहीच नाही. पायाच्या शिरेतली गुठळी निदान पाय सुजवून ओरडते तरी.

आता त्या तपासणीविषयी. १८४२ साली ख्रिश्चन डॉप्लर यांनी मांडलेले तत्त्व साधे आहे: हलत्या वस्तूकडून परत येणाऱ्या लहरीची पट्टी बदलते. जवळ येणाऱ्या रेल्वेच्या शिट्टीचा आवाज वर चढतो आणि गाडी पुढे गेली की उतरतो, हा अनुभव परळीच्या फलाटावर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला आहे. शिरेतल्या रक्तपेशींवरून परत येणाऱ्या लहरींतला हा फरक यंत्र रंगात दाखवते. या रंगांवरून नातेवाइकांचा हमखास गोंधळ होतो. लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळे म्हणजे अशुद्ध, असे शाळेतल्या चित्रावरून ते समजतात. नेहमीच्या मांडणीत लाल म्हणजे हातातल्या प्रोबकडे, म्हणजे पोटावर टेकवलेल्या उपकरणाकडे, येणारा प्रवाह आणि निळा म्हणजे दूर जाणारा, एवढाच त्याचा अर्थ. पोर्टल शिरेतले रक्त यकृताकडे जात असते, म्हणून उजव्या बरगड्यांखालून पाहिल्यास ते सहसा लाल दिसते, आणि त्याची चाल धमनीसारखी उसळती नसून संथ, एकसारखी असते. तपासणाऱ्याने यंत्राची वेगपट्टी धमनीच्या मापावर ठेवली, तर ही संथ चाल पडद्यावर उमटतच नाही आणि मोकळी शीरही बंद भासते. उलट रंगाची संवेदना फार वाढवली, तर बंद शिरेवर आजूबाजूचा रंग सांडतो. म्हणून नुसता रंग पाहून थांबता येत नाही. शिरेच्या आत खूण ठेवून प्रवाहाची रेघ काढावी लागते, आणि शंका आली की पट्टी बदलून पुन्हा पाहावे लागते. सहा तास उपाशीपोटी आणलेला रुग्ण, डाव्या कुशीवर वळवणे, श्वास भरून धरायला लावणे, संगम दिसत नसेल तर दोन पेले पाणी पाजून जठराची खिडकी करणे, हे सारे धरून या तपासणीला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. गर्दीच्या ओपीडीत पोटाची एक सोनोग्राफी पाच-सात मिनिटांत उरकते. चिठ्ठीवर शिरांचा उल्लेख नसताना ही जादा पंधरा-अठरा मिनिटे कोणी आपणहून देईल, ही अपेक्षा मी करीत नाही.

या तपासणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मुख्य पोर्टल शिरेतली गुठळी अनुभवी हातांना साधारण दहापैकी नऊ वेळा सापडते, असे मानले जाते. परंतु शस्त्रक्रियेनंतर पोट फुगलेले असते, आतड्यांतला वायू आड येतो, आणि प्लीहेच्या शिरेचे टोक व आतड्यांकडची शीर यांचा बराचसा भाग झाकला जातो. स्थूल रुग्णात अडचण अधिकच. ‘शीर दिसली आणि मोकळी आहे’ व ‘शीर दिसलीच नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अहवालात त्या वेगळ्या लिहिल्या गेल्या पाहिजेत. दुखणे चालू आहे, ताप उतरत नाही आणि डॉप्लरमध्ये शीर नीट दिसली नाही, असे असेल तर रंगद्रव्य देऊन केलेला सीटी स्कॅन टाळू नये. तरीही पहिली पायरी म्हणून सोनोग्राफीच योग्य ठरते, कारण तिच्यात किरणोत्सर्ग नाही, मूत्रपिंडाला त्रास देणारे रंगद्रव्य नाही, ती दोन आठवड्यांनी पुन्हा करता येते, आणि खर्च सीटीच्या निम्म्याहूनही कमी असतो.

मला हे लिहायला भाग पाडणारी दुसरी हकीकत माझ्या स्वतःच्या चुकीची आहे. उसाने भरलेल्या बैलगाडीवरून पडलेल्या एका बाईची प्लीहा मी काढली होती. दिवाळी होऊन गेली होती, टोळी फडावर पोहोचलेली होती, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जात असल्याने ती आमच्याकडे झोपून होती तितके दिवस नवऱ्याचेही काम बंद होते आणि उचल अंगावर तशीच होती. नवव्या दिवशी मी कार्डावर ‘७ दिवसांनी ओपीडीत दाखवणे’ असे लिहून तिला सोडले. ती आली नाही. कशी येणार होती? अडीच वर्षांनी तिला रक्ताची मोठी उलटी झाली आणि ती पुन्हा आमच्याकडे आणली गेली. सोनोग्राफीत मूळ पोर्टल शिरेचा मागमूस नव्हता. तिच्या जागी बारीक शिरांचा गुंता झाला होता, आणि वाट न मिळालेले रक्त अन्ननलिकेच्या शिरा फुगवून वर चढले होते. त्या फुगलेल्या शिरांना दुर्बिणीतून रबरी कडी बसवण्यासाठी तिला शहरात पाठवावे लागले. ती वाचली, परंतु दर काही महिन्यांनी तिला दुर्बिणीच्या तपासणीसाठी चकरा मारत राहावे लागले. तिने जुने कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत शिधापत्रिकेबरोबर घडी घालून जपून ठेवले होते. त्यावर अक्षर माझे, सही माझी, आणि शिरांबद्दल एक शब्दही नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत गुठळी सापडली असती, तर औषधाने शीर मोकळी होण्याची चांगली आशा होती. एकदा असा गुंता तयार झाल्यावर ती वाट औषधाने परत उघडत नाही.

औषधाविषयी थोडक्यात. निदान झाल्यावर आधी हेपरिनची इंजेक्शने आणि पुढे साधारण तीन ते सहा महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, असा क्रम असतो. वॉरफेरिन चालू असेल तर ‘आयएनआर’ ही रक्ततपासणी पुन्हा पुन्हा करून तो आकडा दोन ते तीनच्या दरम्यान राखावा लागतो. मेथी, पालक, शेपू खाऊच नये असे नाही, पण आठवडाभर भाजी बंद आणि मग रोज पालेभाजी, असे केल्यास तो आकडा खाली-वर होतो. रोजचे प्रमाण सारखे राहिले म्हणजे झाले. खरी भीती आहे अंगदुखीवर गावात सर्रास मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांची आणि इंजेक्शनांची. ही औषधे या गोळ्यांबरोबर पडली की पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शिवाय ऊस तोडणाऱ्याच्या हातात कोयता असतो, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरने विसरू नये. या काळात त्याला फडात पाठवणे मला तरी योग्य वाटत नाही. गुठळी होऊच नये म्हणून रुग्णालयात असतानाच हेपरिनची कमी मात्रा देण्याची पद्धत आहे, आणि रक्तस्राव थांबल्याची खात्री झाल्यावर बहुधा ४८ ते ७२ तासांच्या आत ती सुरू करता येते. फाटलेल्या पानथरीच्या रुग्णाला रक्त पातळ करणारे औषध देताना हात थरथरतो, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. पण हात थरथरतो म्हणून विषयच न काढणे हे समर्थनीय नाही.

यंत्रे नाहीत, ही सबब आता फारशी खरी राहिलेली नाही. गर्भाच्या नाळेतला प्रवाह पाहण्यासाठी रंगाची सोय असलेली यंत्रे तालुक्याच्या बहुतेक प्रसूतिगृहांत आली आहेत, आणि नाळेतला प्रवाह दाखवणारे यंत्र योग्य प्रोब व योग्य मांडणी असल्यास पोर्टल शिरेतलाही दाखवते. वानवा आहे ती पाहणाऱ्या प्रशिक्षित डोळ्यांची, कारण ग्रामीण भागात पुष्कळ ठिकाणी क्ष-किरणतज्ज्ञ आठवड्यातून ठरावीक दिवशीच येतात. येथे काही मित्र गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याकडे बोट दाखवतात, की त्यामुळे यंत्र हवे तेथे नेता येत नाही आणि वाटेल त्याला वापरता येत नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, हे ज्याने वाचले आहे त्याने त्या कायद्याबद्दल कुरकुर करू नये, असे मला वाटते. पुरुषाच्या किंवा गरोदर नसलेल्या स्त्रीच्या शिरा नोंदणीकृत केंद्रात, पात्र डॉक्टरकडून पाहायला त्या कायद्याने कोणालाही अडवलेले नाही. यंत्र रुग्णाकडे नेता येत नसेल, तर रुग्ण ठरावीक दिवशी यंत्राकडे येईल, अशी व्यवस्था तर करता येते.

तो दिवस कोणता असावा, याचे उत्तर दुसऱ्या एका गरजेत आधीच तयार आहे. प्लीहा काढलेल्या माणसाला काही जंतूंचा संसर्ग अतिशय वेगाने आणि जीवघेणा होऊ शकतो. १९५२ साली किंग आणि शूमाकर या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी प्लीहा काढलेल्या बालकांत हे प्रथम दाखवून दिले. म्हणून न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस यांच्याविरुद्धच्या लसी द्याव्या लागतात, आणि तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांसाठी साधारण चौदावा दिवस योग्य मानला जातो. दूर जाणाऱ्या रुग्णाला सुटीपूर्वीच लस टोचून देतात, ते वेगळे. पेशी चढणीला असतात तो काळही हाच, आणि गुठळी सापडू लागते तीही याच सुमारास. तेव्हा एकाच फेरीत लस, रक्ततपासणी आणि डॉप्लर, तिन्ही व्हावीत. सकाळच्या एसटीने उपाशीपोटी यावे, आधी सोनोग्राफी, मग चहा-भाकरी, मग लस, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. एका मजुरीत तीन कामे. ज्याला चौदाव्या दिवसापर्यंत थांबणे शक्यच नाही, त्याची डॉप्लर सुटी देतानाच, सातव्या-आठव्या दिवशी करून घ्यावी. तो रुग्ण कारखान्याच्या गावी जाणार असेल, तर तेथे दाखवायची दुसरी चिठ्ठी त्याच्या कार्डाला टाचून द्यावी. पहिली तपासणी मोकळी आली म्हणजे पुढे गुठळी होणारच नाही, अशी हमी मिळत नाही. म्हणून पोटात दुखले, ताप आला किंवा जेवण तुटले, तर महिना-दोन महिन्यांपर्यंत पुन्हा पाहिले पाहिजे, आणि हे रुग्णाच्या सोबत आलेल्या माणसाला मराठीत समजावून सांगितले पाहिजे.

यासाठी नवी योजना, नवी समिती वा निधी लागत नाही. जिल्हा रुग्णालयांनी, वैद्यकीय महाविद्यालयांच्या शल्यचिकित्सा विभागांनी आणि खासगी रुग्णालय चालवणाऱ्या माझ्या तरुण मित्रांनी प्लीहेच्या प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर दोन ओळी लिहाव्यात, एवढीच विनंती आहे. हाताने लिहायला कंटाळा येतो, हे मी स्वतःवरून ओळखतो. त्या बाईचे कार्ड पाहिल्यानंतर मी बाजारपेठेतून एक रबरी शिक्का करून घेतला आणि निवृत्तीपर्यंत वापरला. सुटी देताना परिचारिका तो निळ्या शाईत उमटवीत, आणि रिकाम्या जागी तारीख मी घालीत असे. कोणाला तसाच करून घ्यायचा असल्यास त्यावरचा मजकूर असा होता: ‘प्लीहेची दुखापत. १४ व्या दिवशी, दि. ........ रोजी उपाशीपोटी यावे. पोर्टल शीर व प्लीहेची शीर कलर डॉप्लर, पेशींची संख्या, लस. शीर दिसली नसल्यास तसे लिहावे.’

आपला,
एक निवृत्त शल्यचिकित्सक
अंबाजोगाई, जि. बीड